अंबियाची वाइन आणि आमचा कूलर

आमच्या घरच्या कूलरने एका रविवारी काटोलच्या दारूबंदी मंडळाच्या अध्यक्षांना दारू पाजली, ही गोष्ट खोटी आहे. एक तर ती दारू नव्हती, वाइन होती. दुसरे म्हणजे नानाजी अध्यक्ष नव्हते, उपाध्यक्ष होते. ज्या कथेत पदार्थ आणि पद या दोन्ही बाबतींत इतकी ढिलाई आहे, तिच्या उरलेल्या तपशिलावर समंजस वाचकाने किती विसंबावे, हे मी सांगायला नको.

तरीही ती कथा आमच्या नात्यागोत्यात वर्षानुवर्षे फिरते आहे. माझा मेहुणा वसंता ती प्रत्येक लग्नात पंगत उठण्यापूर्वी सांगतो आणि प्रत्येक लग्नागणिक तीत एक माणूस वाढवतो. (मागच्या लग्नात त्याने पोस्टमनलाही झिंगवले. रविवारी पोस्टमन येत नाही, एवढेही भान त्याला राहिले नाही.) माझी पत्नी सुमन त्याला दुरुस्त करीत नाही, तो दम घ्यायला थांबला की ती तिथून पुढे सुरू करते. तेव्हा जे घडले ते एकदा शांतपणे लिहून काढणे मला भाग आहे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही नागपुरात, सदरमध्ये, भाड्याच्या घरात राहत होतो. सुमनचे माहेर काटोलचे. तिच्या वडिलांचा, म्हणजे आबाजींचा, तिथे संत्र्यांचा मळा. हा गृहस्थ असा की मळ्याच्या एका टोकाला उभा राहून बोलला तर दुसऱ्या टोकाचा व्यापारी भाव वाढवून देई. त्या हिवाळ्यात माझ्या सासूबाई गेल्या, आणि आबाजींचा आवाजही त्यांच्याबरोबर गेला. जेवायला बोलावले तर येत, अर्धी भाकरी खात, उठत. विचारले तर ‘हो’, ‘नाही’, आणि फार झाले तर ‘राहू दे’. मळ्याकडे फिरकत नव्हते. उन्हाळा लागला तसे वसंताने त्यांना आमच्याकडे आणून सोडले.

“भाऊजी, तुम्हीच काही तरी करा,” तो मला म्हणाला. “झाडाले पाणी किती द्याचं हे बी सांगून नाई राह्यले. मी विचारतो, तं भिंतीकडे पाह्यतात.”

सुमन स्वयंपाकघरात डोळे पुसत होती. “असेच राहिले तं बाबा हाती नाही लागणार,” ती म्हणाली. “एक वाक्य बोलावं त्यांनी. मले शिव्या दिल्या तरी चालते.”

मी जबाबदारी घेतली. जबाबदारी घेतल्यावर मी ती अर्धवट पार पाडत नाही. त्या दिवसापासून कचेरीतून आलो की मी थेट आबाजींच्या आरामखुर्चीपाशी बसू लागलो. त्यांना लोकसभेचे कामकाज समजावून दिले. रासायनिक खत आणि शेणखत यांची तुलना केली. शोकाचे स्वरूप व त्यावरील उपाय या विषयावर तर मी सलग काही संध्याकाळी बोललो, आणि मध्ये कुठे पुनरुक्ती होऊ दिली नाही. आबाजी माझ्याकडे पाहत, तोंड किंचित उघडत आणि पुन्हा मिटत. मला वाटे, माणूस हळूहळू वळणावर येतो आहे.

सुमनला तसे वाटत नव्हते. “तुम्ही इतकं बोलता, पण ते कुठं बोलून राहिले?”

“पाया घालतो आहे,” मी म्हणालो.

“भिंती कधी उभ्या राहतीन?”

याच सुमारास मला फर्नांडिस साहेबांची आठवण झाली. आमच्या मागच्या गल्लीत राहणारे हे निवृत्त रेल्वे गार्ड नाताळासाठी घरच्या घरी वाइन करीत, आणि त्या विषयात त्यांची मते त्यांच्या शिट्टीइतकीच ठाम होती. त्यांच्या व्हरांड्यात बसून मी या शास्त्राचा अभ्यास केला होता. (अभ्यास म्हणजे अभ्यासच. चमचाभर चव घेणे हा त्याचा प्रात्यक्षिक भाग झाला.) त्यांचे म्हणणे असे की वाइन ऋतू पाहून निवडावी आणि माणसाची मनःस्थिती पाहून ओतावी. पावसाळ्यात जांभळाची, कारण पावसात माणूस उगाच रुसतो आणि जांभूळ त्याला जरा तुरट उत्तर देते. हिवाळ्यात काळ्या द्राक्षांची, दालचिनी घातलेली. उन्हाळ्यात हलकी आणि गार. रागावलेल्या माणसाला गोड वाइन कधी देऊ नये, राग आणखी चवदार लागतो.

“और कोई बहुत दुखी हो तो?” मी विचारले.

फर्नांडिस साहेबांनी बराच विचार केला. “मनोहरबाबू, उसको उसके गाव की दो,” ते म्हणाले. “बाकी सब पराया लगता हाय.”

आता योगायोग पाहा. आबाजींच्या गावची वाइन त्या वेळी फर्नांडिस साहेबांच्याच खाटेखाली मुरत होती, आणि ती माझी होती.

त्याचे असे झाले. संत्र्याला वर्षात दोन बहार येतात. पावसाळ्याच्या आरंभी फुलतो तो मृग, आणि आंब्याला मोहोर येतो त्या सुमारास फुलून हिवाळ्यात उतरतो तो अंबिया. सासूबाईंनी जाण्याच्या थोडे आधी अंबियाचे एक खोके आमच्याकडे पाठवले होते, प्रत्येक फळ खाटेवर पडल्या पडल्या स्वतः निवडून. त्यातली निम्मी संत्री मी फर्नांडिस साहेबांच्या देखरेखीखाली एका चिनी मातीच्या बरणीत घातली. सुमनला मी ‘कचेरीतल्या लोकांत वाटली’ असे सांगितले, असा माझ्यावर आरोप आहे. माझे शब्द होते, ‘सरकारी माणसांना दिली’. फर्नांडिस साहेबांनी आयुष्यभर सरकारी रेल्वेच चालवली होती.

तेव्हा ऋतू उन्हाळ्याचा, मनःस्थिती शोकाची, फळ गावचे. शास्त्राच्या दृष्टीने निवड इतकी अचूक होती की मला स्वतःचाच हेवा वाटला. रविवारी उन्हे उतरल्यावर आबाजींना अंगणात बसवावे आणि ‘संत्र्याचे आसव, पचनाला उत्तम’ असे सांगून पेलाभर द्यावे, असे मी ठरवले. प्रश्न एकच उरला. उन्हाळ्यातली वाइन गार हवी, आणि फ्रिज आमच्या गल्लीत कुणाकडेही नव्हता. माठ होता, पण माठावर सुमनची सत्ता. तिथे पाण्याखेरीज कशालाही प्रवेश नसे.

राहिला कूलर.

तो पत्र्याचा, बैठकीच्या खिडकीला बाहेरून बसवलेला. तीन बाजूंना खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, जाळ्या, खाली पाण्याची टाकी, त्यातले पाणी पंपाने वर चढायचे, खसवरून झिरपत पुन्हा टाकीत यायचे, आणि पंखा तो गारवा घरात लोटायचा. नागपुरात त्या टाकीतल्या पाण्याइतके गार दुसरे काही मिळणे अवघड. फर्नांडिस साहेबांकडून भरून आणलेल्या बाटल्या मी सकाळीच त्यात ठेवल्या. आडव्या ठेवल्या, कारण बूच ओले राहावे असा नियम आहे. बुचे सैल लावली होती, कारण फर्नांडिस साहेबांनी बजावले होते की वाइनमध्ये अजून जीव आहे, तिला श्वास घेऊ द्या. हे दोन्ही नियम आपापल्या जागी निर्दोष आहेत. ते एकाच बाटलीवर एकाच वेळी लागू केले, एवढ्यावरून ज्यांना हसायचे असेल त्यांनी खुशाल हसावे.

दुपारी, काही सूचना न देता, काटोलच्या बसने वसंता आला आणि त्याच्यासोबत नानाजी. नानाजी म्हणजे आबाजींचे चुलतभाऊ, पांढरी टोपी, पांढरे धोतर, आणि दारूबंदी मंडळाचे (पुन्हा सांगतो) उपाध्यक्ष. भावाला भेटायला आले होते. उन्हातून आलेला मोठा पाहुणा म्हणून त्यांना कूलरच्या अगदी पुढ्यात बसवण्यात आले. आबाजी नेहमीप्रमाणे कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत. पाटोडीचा रस्सा आणि आमरस असे जेवण झाले, आणि सुमनने कूलर सुरू केला.

थोड्या वेळाने नानाजींनी मान उचलून हवा हुंगली.

“मनोहरराव, खस नवीन आणली वाटते. मोठा गोड वास येऊन राह्यला. कुठून आणली?”

“गांधीबागेतून,” मी म्हणालो. गांधीबागेत कापड मिळते. पण त्या क्षणी तोंडात आले ते हेच.

“मंडळाच्या हापिसालेही अशीच पाह्यजे,” असे म्हणून नानाजी खुर्चीसह वीतभर पुढे सरकले.

कूलरच्या पोटातून ‘टण्’ असा आवाज आला. बूच पत्र्यावर आपटले होते.

“हे का झालं?” वसंताने विचारले.

“पंप.”

पुन्हा टण्.

“दोन पंप हायेत काय भाऊजी?”

मी उत्तर दिले नाही. मला परिस्थितीचे पूर्ण आकलन झाले होते आणि बोलण्यासारखे त्यात काही नव्हते. माझी अंबियाची वाइन टाकीत उतरली होती, पंपाने वर चढत होती, खसमधून गाळून निघत होती आणि पंखा ती सर्वांना समान वाटत होता. सुमन पाण्याची बादली घेऊन बाहेर निघाली तशी मी तिच्या हातून ती घेतली.

“मी भरतो.”

ती दारातच उभी राहिली. लग्नापासून मी कूलरमध्ये पाणी भरल्याची नोंद नव्हती. “तुमची तब्येत बरी आहे ना?” तिने विचारले. मी नुसती मान हलवली, त्यामुळे तिची काळजी आणखी वाढली.

बाहेर जाऊन पाहतो तो खसवर मधमाश्यांनी ठाण मांडलेले. आणखी पाणी ओतले की वास मरेल, या हिशेबाने मी बादली रिकामी केली. पाणी काठोकाठ झाले, पंखा त्याचे तुषार उडवू लागला, आणि आत येईतो नानाजींच्या शुभ्र टोपीवर नारिंगी ठिपके उमटले होते. नानाजींनी मिशीवरचा एक थेंब जिभेने टिपला.

“पाणीही गोड हाय तुमच्या नळाचं,” ते प्रसन्नपणे म्हणाले, आणि भजन गुणगुणू लागले.

या ठिकाणी वसंता सांगतो की नानाजी झिंगून गाऊ लागले. हे निखालस असत्य आहे. नानाजी जेवणानंतर नेहमीच गात, आणि नेहमीच इतके बेसूर गात. भजन अर्ध्यावर टाकून ते खुर्चीतच घोरू लागले, हेही खरे; पण आमरसावर मे महिन्यात कोण घोरत नाही? (ते पुढे कित्येक उन्हाळे आमच्याकडे ‘ती गांधीबागेची खस’ मागत राहिले. गृहस्थ तृप्तपणे गेला. त्याला खरे काय ते सांगण्याचा अधिकार कुणाला होता?)

वसंताच्या मात्र ध्यानात आले होते. तोंडावर उपरणे धरून तो हसत होता आणि मला डोळ्यांनी विचारत होता. सुमन हुंगत हुंगत खिडकीकडे निघाली होती. मी खुर्चीला खिळून बसलो होतो. चोर सापडताना कसा बसतो तसा बसलो होतो, असे सुमन सांगते. मी म्हणेन, एकाग्र होऊन बसलो होतो. खोलीत पंख्याची घरघर आणि नानाजींचे घोरणे, एवढेच.

आणि कोपऱ्यातून आवाज आला.

“अंबिया हाय हा.”

आम्ही सगळ्यांनी वळून पाहिले. आबाजी आरामखुर्चीत पुढे झुकून बसले होते. नाकपुड्या फुलल्या होत्या.

“आपल्या मळ्यातला. सडल्या संत्र्याचा वास.”

माझ्या मनाला काय वाटले ते मी येथे लिहीत नाही. महिनोन्महिने मुरवलेल्या वाइनला ‘सडके संत्रे’ म्हटलेले कोणताही अभ्यासक सहन करणार नाही. परंतु मी बोललो नाही, आणि आबाजी थांबले नाहीत.

“तोडणीच्या वक्ती फुटकी, दबकी फळं मधल्या घरात पडून राहेत,” ते कुणाकडेही न पाहता म्हणाले. “व्यापारी नाई घेत तसली. आठ-पंधरा दिवस झाले का आंबून जाये, सारं घर असं वासानं भरून जाये. सुमे, तुही माय रोज म्हणे, फेका हो ते, चिलटं होऊन राह्यली. मी म्हणो, उद्या फेकतो. ती म्हणे, तुमचा उद्या माह्या जल्मात नाई येत.”

सुमन होती तिथेच जमिनीवर बसली.

“मंग?” ती हळूच म्हणाली.

“मंग का. तीच फेके. टोपलं डोक्यावर, अन् मले बोलत बोलत जाये पार मळ्याच्या धुऱ्यापर्यंत. मी इकून आयको.” त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हलले. “यंदाच्या तोडणीत तिले उठवत नव्हतं. तरी खाटेवरून विचारे, फेकली का हो कोणी? मी म्हटलं, हो, फेकली. नव्हती फेकली. म्या कधी खोटं नाई बोललो तिच्याशी, तेवढंच बोललो.”

आबाजी बोलत राहिले. सासूबाई संत्री कशा निवडत, देठ हातात धरून फळ कसे फिरवत, व्यापाऱ्याच्या माणसाला कशा झापत. अधूनमधून ते रडत होते आणि त्यातच हसतही होते. वसंताच्या तोंडावरचे उपरणे आता डोळ्यांवर गेले होते. मग आबाजींनी अचानक त्याच्याकडे मोर्चा वळवला.

“पाणी देऊन राह्यला काय झाडाले?”

“हो बाबा.”

“कवा?”

“दुपारी.”

“दुपारी? भाजून मारतं काय गा त्याईले? इतक्या वर्षांत हेच शिकला? सांजच्याले द्यावं पाणी, ऊन गेल्यावर. काहून कोणाले विचारलं नाई?”

वसंताला इतक्या आनंदाने शिव्या खाताना मी कधी पाहिले नव्हते.

सुमन उठली, बाहेर गेली आणि कूलरची खसची जाळी तिने ओढून काढली. मी तिच्या मागे गेलो. टाकीत बाटल्या तरंगत होत्या. एकीचे बूच तेवढे शाबूत होते. तिने ती उचलली, हुंगली आणि माझ्याकडे पाहिले.

“मायची संत्री?”

मी मान हलवली.

“मी खोकं रिकामं झालं तेव्हा रडली होती,” ती म्हणाली. “एखादं तरी ठेवायले पाहिजे होतं म्हणून. अन् तुम्ही शेजारी उभे राहून मले म्हणाले, फळ नाशवंत असते.”

येथे सुमनचे म्हणणे असे की मी सारा दोष फर्नांडिस साहेबांवर ढकलला. मी फक्त त्यांचे नाव, त्यांची खाट आणि त्यांची बरणी यांचा उल्लेख केला. यात ढकलणे कोठे आले? ती मला बोलेल, असे मला वाटले होते. तिने बोलायला तोंड उघडलेही. इतक्यात आतून आबाजींचा आवाज आला, अगदी पूर्वीसारखा, मळ्याच्या या टोकाकडून त्या टोकाला पोचणारा, “सुमे, भाकरी हाय काय वं उरलेली? भूक लागली मले.”

सुमनने त्या शाबूत बाटलीचे बूच काढले, ती सबंध बाटली टाकीत ओतली, जाळी जागच्या जागी बसवली आणि आत जाऊन पंख्याचे बटण शेवटच्या आकड्यावर फिरवले. मग ती भाकरी टाकायला बसली.

आबाजी त्यानंतर आठवडाभर आमच्याकडे होते आणि सगळा आठवडा बोलत होते. काटोलला परतण्याच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी, अंगणात त्यांच्या बाजेशेजारी बसून मी त्यांना सर्व खुलासा केला. ऋतू कोणता होता, मनःस्थिती कोणती, द्राक्ष आणि जांभूळ मी कोणत्या कारणांनी वगळले, अंबियाच का निवडली, आणि कूलर हा केवळ अपघात असला तरी निवड माझी असल्याने श्रेयही कसे माझेच ठरते. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले.

“जवाई,” ते म्हणाले, “वास चांगला आला, नाई म्हनत नाई. पन तुमच्या वाइनीनं नाई बोललो मी. आलो त्या दिवसापासून मले बोलायचंच होतं. तोंड उघडो, का तुमचं खत सुरू. तोंड उघडो, का तुमची लोकसभा. त्या दिवशी तुम्ही घाबरून गप बसले, तवा कुठं मले जागा भेटली.”

या आरोपाचे मी तिथल्या तिथे मुद्देसूद खंडन केले. मुद्दे बरेच होते आणि एकही सोडण्यासारखा नव्हता. खंडन पूर्ण झाले तेव्हा आबाजी गाढ झोपले होते. सासूबाई गेल्यापासून त्यांना इतकी शांत झोप कधी लागली नव्हती, असे सुमन सांगते. आणि तिच्या सबंध कथनात एवढा एकच भाग मी, एक अक्षरही न बदलता, मान्य करतो.